मोफत शैक्षणिक साहित्य: आधी धडा, मग डाउनलोड

मराठी माध्यमाच्या शिक्षकाला आज मोफत साहित्य मिळत नाही असं राहिलेलं नाही. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, गोष्टी, प्रयोगांचे व्हिडिओ, गणिताची सिम्युलेशन (आकडे बदलून काय होतं ते पाहता येणारी हलती चित्रं), आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर, सगळं आहे. तरीही बहुतेक शाळांच्या लॅपटॉपवर ‘नवीन फोल्डर (३)’ असतं, त्यात दोनशे फायली असतात आणि तास घ्यायच्या वेळी त्यातली एकही सापडत नाही. सापडली तर टीव्हीवर चालत नाही. चालली तर मुलं पंधरा मिनिटं बघत बसतात आणि वहीत काहीच उमटत नाही.

चूक क्रमाची आहे. साहित्य दिसतं, आवडतं, उतरवलं जातं, आणि त्याचं काय करायचं हा विचार शेवटी येतो. पुढचे टप्पे उलट दिशेने जातात. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, गावातली अभ्यासिका चालवणारे आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक अशा तिघांसाठी आहेत. उदाहरण म्हणून पाचवीचा अपूर्णांक शेवटपर्यंत सोबत ठेवला आहे.

टप्पा १: मूल नेमकं कुठे अडतंय, ते एका वाक्यात लिहा

‘अपूर्णांक शिकवायचे आहेत’ हे वाक्य शोधाला उपयोगाचं नाही. ते टाकून शोधलं की शेकडो व्हिडिओ समोर येतात आणि सगळेच बरे वाटतात. त्याऐवजी असं लिहा: ‘१/३ मोठा की १/४, असं विचारलं की मुलं १/४ म्हणतात, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा.’ आता काय शोधायचं ते ठरलं. समान अंश आणि वेगळे छेद असलेले दोन अपूर्णांक शेजारी शेजारी दाखवणारी आणि मुलांना छेद स्वतः बदलून पाहता येईल अशी गोष्ट हवी. व्याख्या सांगणारे व्हिडिओ इथेच गळून पडतात.

हे वाक्य पाठ्यपुस्तकातल्या अध्ययन निष्पत्तीशेजारी ठेवून पाहा. निष्पत्ती काय यायला हवं ते सांगते, तुमचं वाक्य काय येत नाही ते सांगतं. शोध दुसऱ्यासाठी घ्यायचा.

तपासा: तुमच्या वाक्यात मुलांचं चुकीचं उत्तर आलंय का? नसेल तर वाक्य अजून ढोबळ आहे. आदल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका काढा, त्यात ते सापडेल.

टप्पा २: वर्गात काय चालतं ते आधी बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात आणि तास इथेच फसतो. एका कागदावर लिहा: पडदा कोणता (टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब की फक्त शिक्षकाचा मोबाइल), आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो का, वीज कोणत्या वेळी नक्की असते, नेट वर्गात येतं की फक्त ऑफिसच्या खिडकीपाशी.

मग पेनड्राइव्ह. याच्या तीन अडचणी सारख्या येतात.

पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, जागा कितीही रिकामी असो. एक्सएफएटी केला तर मोठी फाइल जाते, पण जुने टीव्ही तो वाचत नाहीत. म्हणून टीव्हीसाठी एक आणि लॅपटॉपसाठी एक, असे दोन वेगळे ठेवा.

जुन्या टीव्हीवर व्हिडिओचा फक्त आवाज येतो किंवा ‘फाइल चालत नाही’ असा संदेश येतो. बहुधा तो व्हिडिओ एच.२६५ प्रकारचा असतो. एच.२६४ प्रकारची एमपी४ फाइल जवळजवळ सगळीकडे चालते.

सिम्युलेशनची फाइल टीव्हीच्या यूएसबीला लावून चालत नाही. तिला ब्राउझर लागतो, म्हणजे लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल, किंवा टॅब. केबल शाळेत आहे का, आणि ती टेबलापासून टीव्हीपर्यंत पोचते का, हे आधी बघून घ्या.

टप्पा ३: योग्य ठिकाणी शोधा

सरळ गूगलवर किंवा यूट्यूबवर जाऊ नका. तिथे वर येतं ते लोकप्रिय असतं. तुमच्या इयत्तेचं असेलच असं नाही. खालचा क्रम धरा.

*पहिलं ठिकाण तुमचं पाठ्यपुस्तकच.* बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अ‍ॅपमधल्या साहित्याकडे नेतात. दीक्षा उघडल्यावर मंडळ, माध्यम आणि इयत्ता विचारली जाते. तिथे घाईत इंग्रजी माध्यम निवडलं की पुढे ‘मराठीत काहीच नाही’ अशी तक्रार सुरू होते. प्रोफाइलमध्ये जाऊन माध्यम बदला. कोड पुसट छापला असेल तर त्याच्याजवळ सहा अक्षर-अंकांचा संकेत दिलेला असतो, तो अ‍ॅपमध्ये हाताने टाकता येतो. साहित्य अ‍ॅपमध्येच उतरवून ठेवलं की नंतर नेट लागत नाही.

गोव्यातल्या मराठी शाळांनी इथे सावध राहावं. तिथली पुस्तकं वेगळी आहेत, त्यामुळे महाराष्ट्राच्या पुस्तकातला धडा क्रमांक त्यांना जुळणार नाही. विषय जुळवा, धड्याचा क्रमांक नको.

*गणित आणि विज्ञानाच्या संकल्पनांसाठी फेट.* अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा हा प्रकल्प आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. विजेची मंडलं, घनता, बल, अपूर्णांक अशा विषयांवरची अनेक सिम्युलेशन मराठीत भाषांतरित झालेली आहेत. मुखपृष्ठावर न अडकता भाषेनुसार असलेली यादी उघडा आणि मराठी निवडा. आपल्या १/३ आणि १/४ ला इथेच उत्तर मिळतं. अपूर्णांकाच्या सिम्युलेशनमध्ये छेद वाढवला की तुकडे लहान होताना दिसतात. भूमितीसाठी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर घ्या. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला तरी तिन्ही कोनांची बेरीज १८०च राहते, हे मुलं स्वतः पडताळतात.

*हातांनी करायच्या विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ.* टाकाऊ वस्तूंपासून बनवायच्या खेळण्यांच्या कृती, छोट्या फिती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं तिथे आहेत. वीज आणि पडदा दोन्ही नसलेल्या शाळेने तर सुरुवात इथूनच करावी. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या जोडून केलेल्या त्रिकोण-चौकोनांमधून आकारांचं जे कळतं, ते महागड्या स्क्रीनवरही कळेलच असं नाही.

*वाचनासाठी स्टोरीविव्हर.* प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि त्या चार पातळ्यांत विभागल्या आहेत. पहिल्या पातळीच्या गोष्टी साधारण २५० शब्दांच्या आत, दुसरीच्या ६०० पर्यंत, तिसरीच्या १५०० पर्यंत. पातळी मुलाच्या वयावरून निवडू नका, वाचण्यावरून निवडा. अमेरिकेत मराठी मंडळांच्या शाळेत येणारं दहा वर्षांचं मूल घरी फर्डं मराठी बोलत असलं, तरी देवनागरी वाचताना पहिल्या पातळीवर असू शकतं. तिसऱ्या पातळीची गोष्ट हातात दिली की ते वाचनच टाळायला लागतं.

*जुन्या मराठी साहित्यासाठी मराठी विकिस्रोत.* भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. केशवसुत (मृत्यू १९०५), बालकवी (१९१८), साने गुरुजी (१९५०) यांचं लेखन म्हणून मुक्त आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. त्यांच्या कविता नेटवर सर्वत्र दिसत असल्या तरी त्या मुक्त नाहीत.

*इतिहास-भूगोलासाठी* विकिमीडिया कॉमन्सवर किल्ले, नाणी, शिलालेख, खडक यांची छायाचित्रं मिळतात. नकाशे मात्र तिथून घेऊ नका. परदेशी स्रोतांत भारताची सीमा अनेकदा वेगळी दाखवलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर भारताचा नकाशा मिळतो, तोच वापरा.

उरलेलं थोडक्यात. संगणक शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल मराठी आवाजात आहे. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर उघडून, थांबवत थांबवत करायचं. आकाशदर्शनासाठी स्टेलेरियम हे सॉफ्टवेअर. संदर्भासाठी मराठी विश्वकोश, पण शिक्षकाच्या तयारीपुरता. त्यातली नोंद पाचवीच्या मुलांपुढे जशीच्या तशी ठेवली तर ती पेलणार नाही. अकरावीपासून पुढे एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एनपीटीईएल आणि स्वयम. स्वयमवर अभ्यासक्रम मोफत असला तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क आणि वेगळी नोंदणी असते. अभ्यासक्रमाला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही बसलो, असं समजून अनेकांची मुदत हुकते.

सावध: टेलिग्रामवर फिरणारी खासगी प्रकाशनांची स्कॅन केलेली गाइडं म्हणजे मोफत साहित्य नव्हे, ती चोरी आहे. आणि ‘मोफत’ म्हणणाऱ्या एखाद्या अ‍ॅपने मुलाचा आधार क्रमांक, शाळेचा यू-डायस क्रमांक किंवा कार्डाचे तपशील मागितले तर तिथेच थांबा. वर सांगितलेलं काहीही बघायला-वाचायला यातलं एकही लागत नाही.

टप्पा ४: शेवटपर्यंत बघा, मगच निवडा

पहिली दोन मिनिटं बघून निवड करणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सातव्या मिनिटाला चूक असते, जाहिरात असते, किंवा अचानक पुढच्या इयत्तेचा भाग सुरू होतो. पूर्ण बघा आणि बघताना हे पडताळा:

१. संज्ञा पुस्तकातल्याच आहेत का? हिंदी व्हिडिओत छेदाला ‘हर’ म्हणतात आणि लसाविला ‘लघुत्तम समापवर्त्य’. मूल गोंधळतं आणि दोष गणिताला देतं. हिंदी व्हिडिओ वापरायचाच असेल तर आवाज बंद करून तुम्ही बोला.

२. सोडवलेली उदाहरणं बरोबर आहेत का? प्रत्येक उदाहरण स्वतः वहीत सोडवा. चकचकीत व्हिडिओतही वजाबाकी चुकलेली असते.

३. पुस्तकाची आवृत्ती जुळते का? पुस्तकं बदलतात, मध्ये काही वर्षं वहीच्या पानांसह चार भागांत आली. जुन्या आवृत्तीवरचा व्हिडिओ ‘पान ३४ उघडा’ म्हणतो आणि मुलांच्या पान ३४ वर वेगळंच असतं.

४. तुमच्या वाक्याला उत्तर मिळतं का? हे सगळ्यात शेवटी, पण निर्णय याच्यावरच. व्हिडिओ सुंदर असून १/३ आणि १/४ ची तुलना त्यात नसेल, तर तो या तासाचा नाही. हे मन घट्ट करून करावं लागतं, कारण शोधायला वेळ गेलेला असतो.

एका तासाला एकच साहित्य. दोन आवडली तर एक पुढच्या आठवड्याच्या उजळणीला.

टप्पा ५: परवाना वाचा

बघायला मोफत आणि वापरायला मोकळं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात शिकवताना दाखवण्यापुरती १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. पण भाषांतर करायचं, कापून स्वतःची कृतिपत्रिका करायची, शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर टाकायचं किंवा जिल्हाभर वाटायचं असेल तर परवाना बघावाच लागतो.

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे कर्त्याने आपलं साहित्य इतरांना वापरू देण्याचे तयार परवाने. असे सहा परवाने चार अटींच्या जोडणीतून बनतात:

- बीवाय: कर्त्याला श्रेय द्या. सहाही परवान्यांत ही अट आहे.
- एसए: बदल करून वाटलंत तर तोच परवाना लावा.
- एनसी: व्यापारी वापर नको. फी घेणाऱ्या क्लासच्या नोट्समध्ये असं साहित्य घालू नये.
- एनडी: बदललेली प्रत वाटू नका. भाषांतरही बदलात मोडतं.

स्टोरीविव्हरवरच्या गोष्टी सर्वसाधारणपणे सीसी बीवाय ४.० खाली असतात. म्हणजे तुम्ही त्या तुमच्या भागातल्या बोलीत, अहिराणीत किंवा मालवणीत करून छापू शकता. बालभारतीचं पुस्तक तसं नाही. ते मोफत उतरवता येतं, पण मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय त्यातला भाग उद्धृत करता येणार नाही असं पुस्तकातच छापलेलं आहे. त्यातली चित्रं कापून ‘आमची कृतिपुस्तिका’ काढणं योग्य नाही.

श्रेय लिहिताना चार गोष्टी: साहित्याचं नाव, कर्ता, कुठून घेतलं, परवाना कोणता. गोष्टीच्या पुस्तकात लेखकासोबत चित्रकार आणि अनुवादकही लिहा. या दोघांना हमखास विसरलं जातं, आणि दुसरीतलं मूल गोष्ट उघडतं ती बहुतेक वेळा चित्रामुळे.

सावध: बीवाय-एसए आणि बीवाय-एनसी-एसए अशा दोन साहित्यांतले परिच्छेद मिसळून एक कृतिपत्रिका करू नका. दोन्ही म्हणतात ‘माझाच परवाना लावा’, आणि एकाच वेळी दोन्ही पाळता येत नाहीत. वेगळ्या पत्रिका करा.

टप्पा ६: उतरवा, नाव द्या, प्रत ठेवा

फाइलचं नाव उतरवतानाच बदला, नंतर कुणी बदलत नाही. इयत्ता, विषय, घटक, प्रकार असा क्रम ठेवा: ‘०५-गणित-अपूर्णांक-तुलना-सिम्युलेशन’. सुरुवातीला दोन अंकी इयत्ता असली की फोल्डर आपोआप क्रमाने लागतं. काही जुन्या टीव्हींवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. टीव्हीच्या पेनड्राइव्हवरच्या फायलींना म्हणून ०५-०१, ०५-०२ असे नुसते अंक द्या आणि यादी कागदावर छापून टीव्हीमागे चिकटवा.

प्रत्येक फोल्डरमध्ये ‘श्रेय’ नावाची एक छोटी फाइल ठेवा आणि टप्पा ५ मधल्या चार गोष्टी तिथे लगेच लिहा. सहा महिन्यांनी ‘हे कुठून घेतलं होतं’ हे कुणालाच आठवत नाही.

मराठी शाळांची एक खास अडचण आहे फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेखमध्ये टाइप केलेल्या जुन्या कृतिपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नवीन सगळं युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत) करा, आणि वाटताना वर्डच्या फाइलसोबत पीडीएफही द्या. जुन्या चांगल्या पत्रिका मूळ संगणक चालू आहे तोवर पीडीएफ करून घ्या. तो बंद पडला की त्या परत मिळवणं फार जिकिरीचं होतं.

नेट अजिबात नसेल तर किविक्स वापरा. त्यात पूर्ण मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून नेटशिवाय वाचता येतो. टॅब बरेच असतील तर कोलिब्री बघा. एका लॅपटॉपवर साहित्य ठेवलं की वर्गातले टॅब स्थानिक वायफायवरून ते उघडतात.

यूट्यूबचा व्हिडिओ मात्र त्याच्याच अ‍ॅपमधल्या ऑफलाइन सोयीने ठेवा, भलत्या संकेतस्थळांवरून उतरवू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय शाळेच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस बहुधा याच वाटेने येतो.

तपासा: नेट बंद करा आणि फाइल उघडा. नेट चालू असताना उघडणारी प्रत्येक गोष्ट ‘उतरलेली’ नसते. ही एक मिनिटाची चाचणी ज्या वर्गात तास आहे त्याच वर्गात, त्याच टीव्हीवर करा.

टप्पा ७: तासात कुठे बसवायचं

साहित्य तासाच्या सुरुवातीला लावू नका आणि वेळ उरला म्हणून शेवटीही नको. अपूर्णांकाचा तास असा घ्या.

प्रथम प्रश्न: ‘१/३ मोठा की १/४?’ प्रत्येकाने उत्तर वहीत लिहायचं, कारणासह. बरोबर-चूक सांगू नका. हे उत्तर लिहून घेतलं नाही तर पुढचं सगळं नुसतं बघणं होतं, कारण मुलाने स्वतःला कशातच गुंतवलेलं नसतं.

मग सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या. एकीचे तीन भाग करायचे, दुसरीचे चार. तीन सारखे भाग करताना मुलं अडखळतात, पट्टी उलगडून परत घडी घालतात, शेजारच्याची बघतात. तेवढा वेळ त्यांना द्या. एकेक भाग रंगवून पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की १/४ चा तुकडा आखूड निघतो आणि वर्गात कुजबुज सुरू होते.

आता सिम्युलेशन. पाच-सात मिनिटं पुरतात. छेद ३ वर ठेवा, ४ करा आणि थांबा. ‘५ केला तर तुकडा कसा होईल?’ उत्तर येईपर्यंत बटण दाबू नका. माउस एकेका मुलाच्या हातात द्या, विशेषतः मागच्या रांगेतल्या. शिक्षकच सगळं करून दाखवतो तेव्हा सिम्युलेशनचा व्हिडिओ होतो.

शेवटी पडदा बंद. मुलांनी सुरुवातीच्या उत्तराखाली नवं उत्तर लिहायचं, जुनं खोडायचं नाही. मग एक नवीन जोडी द्या, १/६ आणि १/८, पडदा आणि पट्टी दोन्हींशिवाय.

सावध: व्हिडिओ दाखवत असाल तर ऑटोप्ले आधीच बंद करा, आणि दर दोन-तीन मिनिटांनी कुठे थांबायचं ते वेळेसह कागदावर लिहून ठेवा. घरी मोबाइलवर दाखवणाऱ्या पालकांनी तर व्हिडिओ संपताच मोबाइल आपल्या हातात घ्यावा. पुढची दहा मिनिटं वहीची.

टप्पा ८: नोंद आणि वाटप

तास संपल्यावर तीनच गोष्टी लिहा: किती मुलांनी उत्तर बदललं, साहित्यात काय खटकलं, पुढच्या वर्षी ठेवायचं की काढायचं. ‘काढायचं’ असेल तर फाइल त्याच दिवशी काढा. खच असाच कमी होतो.

केंद्रातल्या दुसऱ्या शाळांना पाठवताना नुसती फाइल पाठवू नका. सोबत टप्पा १ चं वाक्य, श्रेयाची फाइल आणि थांबण्याच्या वेळांचा कागद द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि टीव्हीवर अक्षरं वाचता येत नाहीत. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडून पाठवा. बीवाय परवान्याच्या गोष्टीचं बोलीत रूपांतर केलं असेल तर ते परत स्टोरीविव्हरवरच चढवा, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेलाही ते मिळेल.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एकदा पूर्ण यादीवरून हात फिरवा. पुस्तक बदललेल्या इयत्तेचे क्यूआर कोड नव्याने तपासा, पान क्रमांक दुरुस्त करा आणि टीव्हीमागची यादी नवीन छापून लावा.